फरक जातो कुठे?

ट्रायपॉड एका कंपनीचा, त्यावरचं बॉल हेड दुसऱ्या कंपनीचं, हेडवरचा क्लॅम्प तिसऱ्याच कुणाचा आणि कॅमेऱ्याच्या तळाला लावलेली प्लेट चौथ्याची, अशी मोट बांधून काम करणारे छायाचित्रकार आता सर्रास दिसतात. सगळं एकाच ठिकाणचं घेणं खिशाला परवडत नाही, आणि एका कंपनीला सगळंच उत्तम जमतं असंही नाही. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘बसतं सगळं.’ बसतंही बऱ्याचदा. पण दोन वेगळ्या कारखान्यांतून निघालेल्या भागांची मापं तंतोतंत सारखी नसतात, थोडा फरक राहतोच. मग सांधा घट्ट केल्यावर तो फरक जातो कुठे? हा एकच प्रश्न धरून बसलं, तर काय जुळेल आणि काय नुसतं जुळल्यासारखं वाटेल, हे बरंचसं आधीच कळतं.

सगळ्यात जुना सांधा स्क्रूचा. कॅमेऱ्याच्या तळाचं भोक दोन सुताचं, म्हणजे पाव इंचाचं. इंचाला 20 आटे. ट्रायपॉडच्या माथ्यावर हेड बसवायचा स्क्रू तीन सुताचा. इंचाला 16 आटे. आज हे आयएसओ 1222 या मानकात लिहिलेलं आहे, पण त्याचं मूळ बरंच मागे जातं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचं प्रमाण मांडलं. त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा आणि माथे गोलसर होते. 1864 साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांचा कोन आणि सपाट माथे सुचवले, कारण तसे आटे कापायला सोपे. म्हणजे दोन देशांचे आटे वेगळ्या आकाराचे. तरीही जुन्या ब्रिटिश ट्रायपॉडचा स्क्रू आजच्या कॅमेऱ्यात बिनतक्रार जातो. दोन सुतात आणि तीन सुतात इंचामागची आट्यांची संख्या दोन्हीकडे एकच आहे, म्हणून हे जमतं. (अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे 12 आणि सेलर्सचे 13, तिथे गाडी अडते.) कोनातला तो फरक आट्या-आट्यांमधल्या बारीक फटीत मुरून जातो. पहिल्या फेऱ्याला जेवढा, तेवढाच पाचव्या फेऱ्याला. तो वाढत नाही.

आता याच दोन सुताच्या भोकात 6 मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू, म्हणजे एम-6, घालून बघा. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, तेव्हा जाडी जवळपास तीच. पहिला फेरा तर इतका हलका जातो की बरोबर स्क्रू मिळाला असंच वाटावं. पण एम-6 एका फेऱ्यात 1 मिलिमीटर पुढे सरकतो आणि भोकाचे आटे 1.27 मिलिमीटरच्या अंतरावर कापलेले आहेत. दर फेऱ्याला पाव मिलिमीटरहून जास्त तफावत साठत जाते आणि दोन-तीन फेऱ्यांत स्क्रू आवळतो. हाताला वाटतं, घट्ट बसला. तिथे पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे मारले जातात आणि भोक कामातून जातं. जाडीत फार फरक नव्हता, पण आट्यांच्या अंतरातला फरक साठत गेला आणि त्याला सामावायला कुठे जागाच नव्हती. जे दोन भाग अजिबात बसत नाहीत त्यांची मला भीती वाटत नाही. मॅनफ्रोटो कंपनीची साधी आरसी-2 प्लेट आर्का पद्धतीच्या क्लॅम्पमध्ये (त्याच्याविषयी पुढे) जातच नाही, विषय संपला. भीती जवळजवळ बसणाऱ्याची.

प्लेट आणि क्लॅम्प यांच्यातला सांधा सगळ्यात रंजक आहे आणि गोंधळही तिथेच जास्त. आर्का-स्विस ही मूळची स्वित्झर्लंडची, आता फ्रान्समधल्या बेझाँसाँची कंपनी. तिच्या प्लेटची घडण साधी: कडा तिरप्या, खाली रुंदी जास्त आणि वर कमी, तळाशी सुमारे 38 मिलिमीटर. क्लॅम्पचे दोन जबडे या तिरप्या कडांवरून आत येतात, तेव्हा ते प्लेटला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि त्याच वेळी खालीही ओढतात. सुताराचा डव्हटेल ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच उमगेल. ही घडण इतकी चांगली निघाली की रिअली राइट स्टफ, कर्क, मार्किन्स, बेनरो, सनवेफोटो, लिओफोटो अशा कितीतरी कंपन्यांनी तिच्या जोगे भाग काढले. पण सगळ्यांनी पाळावं असं एक मानक कधी बांधलं गेलं नाही. त्यामुळे ‘आर्का कॉम्पॅटिबल’ असं छापलेल्या दोन प्लेटा कॅलिपरमध्ये धरल्या तर माप सारखं येईलच असं नाही.

नॉब फिरवून आवळायच्या क्लॅम्पला याचं काही वाटत नाही. त्याचा जबडा कुठे थांबायचं हे आधी ठरवत नाही. प्लेट भेटेपर्यंत सरकतो आणि भेटली की दाबतो. अर्धा मिलिमीटर कमी असेल तर नॉब थोडा जास्त फिरेल, एवढंच. रुंदीतला सगळा फरक त्या नॉबच्या फेऱ्यात जातो. लिव्हरच्या क्लॅम्पचं तसं नाही. त्याचा जबडा ठराविक अंतर चालतो आणि थांबतो. पावसाळ्यात दार फुगलं की कडी कोयंड्यात जात नाही, नि आकसलं की कडी लागूनही दार खुळखुळतं. लिव्हर नेमका तसा वागतो. प्लेट किंचित रुंद असली तर तो मिटतच नाही, किंचित अरुंद असली तर टक्‌ असा आवाज करून मिटतो आणि प्लेट आत सरकत राहते. यातली दुसरी गत वाईट, कारण आवाजावर आपला विश्वास बसतो. काही लिव्हरना पकड कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. तो एका प्लेटपुरता नीट लावता येतो, पण प्लेटा चार ठिकाणच्या असतील तर दरवेळी कोण लावत बसणार?

रुंदीचा फरक नॉबने गिळला, पण कोनाचा फरक तो गिळू शकत नाही. जबड्याचा उतार आणि प्लेटचा उतार वेगळा असेल, तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकण्याऐवजी फक्त एका रेषेवर टेकतात. कितीही आवळा, रेषेचा पट्टा होत नाही. उलट जास्त जोराने ती कड प्लेटमध्ये रुतते. हे डोळ्यांना दिसत नाही, पण तपासायला सोपं आहे. प्लेटच्या दोन्ही तिरप्या कडा मार्करने काळ्या करायच्या, शाई वाळू द्यायची, क्लॅम्प नेहमीसारखा आवळून प्लेट हाताने थोडी हलवायचा प्रयत्न करायचा आणि काढून बघायची. शाई रुंद पट्ट्यात पुसली असेल तर उतार जुळले. केसाएवढी बारीक रेघ पुसली असेल, किंवा एका बाजूला पट्टा आणि दुसऱ्या बाजूला नुसता ठिपका असेल, तर ती जोडी वेगळी केलेलीच बरी. फिटर लोक यंत्राचे भाग घासून जुळवताना निळा रंग लावून हेच बघतात.

एवढं काटेकोर कशासाठी, असं वाटू शकतं. भिगवणच्या काठावर 600 मिलिमीटरची लेन्स लावून रोहित टिपणाऱ्याचं गणित मांडतो. कॅमेरा अंशाच्या फक्त दहाव्या हिश्शाने वळला, तर फुल-फ्रेम सेन्सरवर चित्र सुमारे 1 मिलिमीटर सरकतं. चित्र 6000 पिक्सेल रुंद असेल, तर हे सरकणं पावणेदोनशे पिक्सेलच्या आसपास जातं. ज्या खुळखुळाटाचा बोटांना पत्ताही लागत नाही, तो पक्ष्याच्या डोळ्याचा पार रेंदा करतो.

आणखी एक सांधा लोक विसरतात, तो क्लॅम्प आणि हेडच्या दांड्यामधला. बऱ्याच हेडवर क्लॅम्प वरून घातलेल्या एकाच स्क्रूने धरलेला असतो. कुणी एम-6 वापरतो, कुणी दोन सुताचा. म्हणून क्लॅम्प बदलण्याआधी जुना स्क्रू काढून मापावा, अंदाजाने नवा घालू नये. पण आटे जुळले तरी एक प्रश्न उरतो. मूळ क्लॅम्पच्या तळाला पुष्कळदा खाच किंवा खुंटी असते, ती दांड्यात अडकते आणि क्लॅम्प गरकन फिरत नाही. दुसऱ्या कंपनीच्या क्लॅम्पला ती खुंटी नसते, किंवा असली तर भलत्या जागी असते. मग दोन सपाट तळांमधलं घर्षण हाच काय तो आधार. कॅमेरा उभ्या चौकटीसाठी आडवा पाडला की त्याचं वजन एका बाजूला लोंबतं आणि क्लॅम्प स्क्रूभोवती वळू बघतो; वळण्याची दिशा स्क्रू सैल करणारी असेल तर तो हळूहळू सुटत जातो. इथे फरकाला जायला एकच वाट असते, आणि ती कॅमेऱ्याच्या पडण्याकडे जाते. म्हणून खुंटी जुळत नसेल तर दोन्ही तळ स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढावा, स्क्रूला निळं थ्रेडलॉकर लावावं, लाल लावू नये, नाहीतर पुढे काढताना तापवत बसावं लागतं. ॲलन कीने नीट आवळून चोवीस तास ते तसंच ठेवावं आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशीच चढवावा.