दिवसाला दिवस

काल रात्री आमच्या खालच्या खोलीत राहणारा मुलगा मोबाइल घेऊन वर आला. आहुप्याच्या बाजूचा तो. मंचरला राहून शिकला, आता चाकणच्या एका कारखान्यात लागलाय. "मॅडम, एवढं जरा बघा ना." दुसऱ्या विभागातल्या साहेबांचा इंग्रजी निरोप होता: सुट्टीच्या दिवशी आमची दोन माणसं तुमच्या कामाला दिली होती, तुम्हीही ‘रेसिप्रोकेट’ कराल अशी आशा आहे. त्याने मोबाइलवर अर्थ शोधला होता. परतफेड करणे. त्याचा चेहरा उतरला होता. "पैसे मागतायत का?"

मी त्याला खुर्चीवर बसवलं. कर्ज आणि उसने पैसे यांसाठी इंग्रजीत ‘रीपे’ म्हणतात. ‘रेसिप्रोकेट’ वेगळ्या जागी येतं. कुणी जेवायला बोलावलं आणि पुढं आपण त्याला बोलावलं, कुणी आपुलकी दाखवली आणि आपल्यालाही त्याच्याबद्दल तसंच वाटलं, कुणी अडल्या वेळी धावून आला आणि त्याच्या वेळेला आपण गेलो, तर तिथं हे क्रियापद शोभतं. साहेबांना एवढंच म्हणायचंय की आमची गरज लागली तर तुम्हीही माणसं द्या. तो हसला, पण पूर्ण पटलेला दिसला नाही. मग मी विचारलं, "तुमच्याकडं भातलावणीला माणसं कशी मिळतात रे?"

"सावड असते ना."

"मग तेच."

त्याला एका क्षणात कळलं. मला मात्र झोप लागेना. तीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि या क्रियापदाला मीही वर्गात ‘परतफेड करणे’ हाच अर्थ फळ्यावर लिहून देत आले.

पहाटे उठून मोठा कोश काढला. हा शब्द लॅटिनमधल्या ‘रेसिप्रोकस’वरून आलाय. मूळ अर्थ मागे-पुढे होणारा. भरती-ओहोटीच्या पाण्यालाही हा शब्द वापरत. शब्दाच्या पोटात ‘मागे’ आणि ‘पुढे’ दोन्ही बसलेत असं अभ्यासक मानतात. म्हणून तर यंत्रातल्या दट्ट्याच्या हालचालीलाही इंग्रजीत हेच क्रियापद लावतात. आपल्या हापशीचा दट्ट्या आठवा. तो वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, तेव्हा कुठं पाणी चढतं. एका टोकाला जाऊन थांबला तर हंडा कोरडाच राहील.

आपल्या शब्दांची ओढ दुसरीकडं आहे. फेडणं म्हणजे सोडवणं, नेसलेलं वस्त्र फेडतात तसं. उतराई होणं म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरवणं. दोन्ही शब्दांत माणूस मोकळा व्हायला बघतो. हिशेब मिटला, आता आपण कुणाचं काही लागत नाही. आणि दुसऱ्या टोकाला सत्कारसमारंभातलं आपलं नेहमीचं वाक्य: तुमचे उपकार फेडण्यापेक्षा तुमच्या ऋणात राहणं मला आवडेल. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, हे मी मानते. तरी त्यात पुढं काही करायचं राहिलंय असं दिसत नाही. या दोन टोकांच्या मधला शब्द मला फळ्यावर कधी सुचला नाही, आणि तो आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात रोज बोलला जातो.

सावड ही चैन म्हणून निघालेली नाही. भाताचं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावायलाच हवं. जून झालं की फुटवे कमी येतात. पाऊस लागला, खाचरात चिखल झाला, की काम त्याच दिवशी उरकायचं. एका घरातल्या चार हातांनी ते होत नाही, आणि मजुरी द्यायला त्या दिवसांत गाठीला पैसा नसतो. म्हणून आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. उन्हाळ्यात पडकईही अशीच चालते. उतार खोदायचा, दगडाचा बांध रचायचा, मागं माती भरून नवं खाचर करायचं. डोंगरातली कितीतरी भातशेती अशी एकमेकांच्या पाठीवर उभी राहिली आहे. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने ही जुनी रीत ओळखली, तिला बळ दिलं. पुढं सरकारी कामांतही पडकई हे नाव आलं.

दोन वर्षांमागं आषाढात या मुलाच्या आईनं मला बोलावलं होतं. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसत नव्हता. प्लास्टिकच्या खोळी डोक्यावर घेतलेल्या दहा-बारा बाया ओळीनं वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात जाऊन येताहेत. आणि सगळ्या मागं सरकत होत्या. लावणी मागं सरकतच करतात, नाहीतर लावलेलं रोप पायाखाली जाईल. बाया मागं जात होत्या आणि त्यांच्या पुढ्यात खाचर हिरवं होत होतं. आज पहाटे कोशात तो लॅटिन शब्द वाचला तेव्हा हीच ओळ डोळ्यांपुढं आली.

त्या ओळीत एक म्हातारी होती. तिचा हात हळू चालायचा. शेजारणी आपली पात संपवून तिच्या पातीला हात लावायच्या. मी जेवताना हळूच विचारलं, आजींचा अर्धा दिवस धरता का? मुलाच्या आईनं भाकरी मोडता मोडता माझ्याकडं बघितलं. "दिवस तो दिवसच की बाई. अर्धा कसा व्हायचा?" सावडीत दिवसाला दिवस असतो. किती रोपं लावली, किती जुड्या संपल्या, हे कुणी मोजत नाही. आणि निघताना एकजण बांधावरून ओरडली, "तुमचा एक दिवस राहिलाय गं आमच्याकडं!" तिच्या आवाजात ओझं नव्हतं. पुन्हा भेटायचं ठरल्याचा आनंद होता.

हे लिहिताना एक गोष्ट मला टोचते आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या खाचरांच्या खाली डिंभे धरणाचं पाणी पसरलेलं आहे. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. आमच्याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. साडेतेरा टीएमसीच्या आसपास पाणी मावतं त्या धरणात. ज्याच्यावरून तालुक्याचं नाव पडलं ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं, आणि नदीकाठची सपाट, कसदार भातखाचरंही. ज्यांची गेली त्यांनी वर डोंगरउतारावर पुन्हा दगड रचले. पाणी कालव्यांनी पूर्वेकडं आलं. आमच्याकडचा ऊस, कांदा, बारमाही हिरवी रानं ही त्याच पाण्यावरची. वरच्या कित्येक वाड्यांत मात्र चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन उतरतात.

या देण्याला आम्ही काय रेसिप्रोकेट केलं? मी स्वतःला विचारते, कारण माझ्या घरातल्या नळालाही त्याच खोऱ्याचं पाणी आहे. नुकसानभरपाई हा शब्द फेडण्याच्या जातीचा. कागदावर सही झाली की तो संपतो. सावडीच्या हिशेबानं बघितलं तर त्यांचे कितीतरी दिवस अजून आमच्याकडं राहिलेत.

मुलगा आज सकाळच्या गाडीनं गावाला निघालाय. मागच्या खेपेला त्याच्या आईनं नव्या तांदळाचा वानवळा पाठवला होता, पत्र्याच्या डब्यात. तो डबा अजून फडताळात होता. मी तो पुसून घेतला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून सातगाव पठारावरचे बटाटे भरले, वर मावतील तेवढे लसणाचे गड्डे. झाकण बसेना, तेव्हा सुतळीनं बांधलं.

तो पायऱ्या उतरत होता तेव्हा मी त्याला म्हटलं, "आईला विचार, पडकई कधी धरणार आहेत. मला दगड उचलता येतील, लहान लहान."