बेवफाई मोठ्यांची, भाकरी मुलांची

पती-पत्नींपैकी एकाने विश्वासघात केला, तर दुसऱ्यावरची पोसण्याची जबाबदारी संपते काय? प्रश्न जुना आहे. आमच्या कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी तो जमातीच्या बैठकीत निघतो, कोर्टाच्या व्हरांड्यात निघतो, लग्नघरी बायकांच्या बोलण्यातही निघतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. आम्हाला तो वर्गात भेटतो. घरात तलाकचे भांडण चालू असलेले मूल वही संपली तरी सांगत नाही आणि सहलीच्या दिवशी हमखास आजारी पडते. त्याच्या अब्बांना विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "तिची चाल नीट नव्हती. मी का पैसे देऊ?"

या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. बायकोचा नफका निकाहच्या नात्यातून येतो, औलादीचा नफका जन्मातून येतो. निकाह तुटू शकतो. जन्म तुटत नाही. ही गाठ सोडवल्याशिवाय न्यायाची भाषा बोलता येणार नाही.

आधी बायकोचा प्रश्न घेऊ. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगीचा हक्क नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचा गुन्हा रद्द केला, पण घटस्फोट आणि पोटगी यांपुरता त्याचा परिणाम उरलाच. मात्र 'राहणारी' या शब्दाला अर्थ आहे. एखाद्या वेळी पाऊल घसरले एवढ्याने हक्क जात नाही, सतत चाललेले संबंध दाखवावे लागतात, असेच न्यायालये मानत आली आहेत. आणि ते सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो.

शरियतचा कटाक्ष याहून कडक आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत. ते नसतील तर शिक्षा आळ घेणाऱ्याला आहे. नवऱ्याला साक्षीदार नसले तर लिआनची, म्हणजे अल्लाहला साक्षी ठेवून पुन्हा पुन्हा शपथ घेण्याची वाट आहे. चहाच्या टपरीवर बायकोच्या चारित्र्याविषयी बोलून घरखर्च बंद करणाऱ्याने यांतले काय केलेले असते?

खर्च टाळण्याचे दुसरे हत्यार म्हणजे तलाकच. बायकोने पोटगी मागितली की कोर्टात लेखी म्हणणे द्यायचे, 'हिला मी केव्हाच तलाक दिला.' लातूरच्या दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने मे २००२ मध्ये या सवयीला आळा घातला. नुसते तसे लिहून देणे म्हणजे तलाक नव्हे. तलाकला सबळ कारण लागते, त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला असावा लागतो, आणि हे सारे पुराव्याने दाखवावे लागते, असा तो निकाल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा घेतली. आमच्या नगर जिल्ह्याची अपिले याच खंडपीठाकडे जातात, म्हणून हा निकाल आम्हाला घरचा आहे.

तलाक खरोखर झाला तरी सारे संपत नाही. १९८५ चा शाहबानो निकाल, त्यावरचा गदारोळ आणि १९८६ चा कायदा वाचकांना ठाऊक आहे. २००१ च्या डॅनियल लतिफी निकालाने त्या कायद्याचा अर्थ लावला, की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद करायची आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चाही दरवाजा उघडा आहे.

आता पारडे उलटे करू. बेवफाई नवऱ्याची असेल तर? समाजात याची चर्चा कमी होते, कारण त्याला 'दुसरा निकाह' हे सभ्य नाव मिळते. कायदा मात्र म्हणतो, नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा दुसरी बाई ठेवली, तर पहिलीला वेगळे राहून पोटगी मागता येते. १९८७ साली बेगम सुबानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मुस्लिम पतीलाही लागू केले. शरियतची परवानगी आहे म्हणून पहिलीची जबाबदारी टळत नाही.

उरला मुलांचा प्रश्न, आणि आमच्या मते खरा प्रश्न हाच. १९८६ च्या कायद्यात बाळाच्या खर्चासाठी दोन वर्षांचा उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन बाप मोकळे होऊ पाहत. १९९७ च्या नूर सबा खातून निकालाने तो मार्ग बंद केला. मुले सज्ञान किंवा कमावती होईपर्यंत आणि मुलीचे लग्न होईपर्यंत त्यांचा खर्च बापावर आहे. आई तलाकशुदा आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. तिच्या चारित्र्याशी तर मुळीच नाही.

पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यात पतीने पत्नीची बेवफाई सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी मागितली. उच्च न्यायालयापर्यंत ती मान्य झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बेवफाईचा आरोप इतर पुराव्याने सिद्ध करा, त्यासाठी मुलाच्या जन्मावर बोट ठेवू नका, हे त्याचे सार. मूल हे आईविरुद्धचा पुरावा नाही. ते स्वतः एक माणूस आहे.

यावर एक रास्त हरकत येते. ज्याला खरोखर दगा मिळाला, त्याने त्याच बाईचे घर का चालवावे? त्याचे दुःख खोटे नाही. त्याला वेगळे होण्याचा हक्क आहे, आरोप सिद्ध करून तिची पोटगी थांबवण्याचाही आहे. पण मूल तिच्याजवळ असेल तर पेच उरतो. मूल ज्या खोलीत झोपते तिचे भाडे, ज्या चुलीवर त्याची भाकरी भाजते तिचा गॅस, हा मुलाचाच खर्च आहे. चूल विझवून मुलाला जेवू घालता येत नाही. सूरह बकरहने आणि सूरह तलाकने हे फार पूर्वी ओळखले आहे. मुलाला दूध पाजणाऱ्या, तलाक दिलेल्या आईचाही खर्च तिथे बापावर, त्याच्या ऐपतीप्रमाणे, टाकला आहे. बाळाचे पोट आईच्या पोटापासून वेगळे काढता येत नाही, हा त्यामागचा विचार आम्हाला दिसतो. आई कमावती असेल तर तिनेही वाटा उचलावा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेल्या रजनेश-नेहा खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तेही सांगितले, आणि दोघांनी आपले उत्पन्न व मालमत्ता शपथेवर उघड करावी असा दंडक घातला.

तेव्हा जमातीच्या ज्येष्ठांना आमची विनंती आहे. स्टँप पेपरवर फारकत लिहिताना मुलांचा खर्च वेगळ्या कलमात लिहा. रक्कम लिहा, तारीख लिहा, फी आणि दवाखाना लिहा. 'यापुढे काही देणे-घेणे राहिले नाही' या ओळीत मुलांना गुंडाळू नका. आईने सही केली तरी मुलाचा हक्क तिला सोडून देता येत नाही. कोण बेवफा होते याचा निवाडा कोर्टात होईल, हश्रच्या दिवशी तर होईलच. तो लागायला वर्षे जातील. मुलाला भूक मात्र रोज दुपारी लागते.