पाहुण्याचे ऋण

पैसे मोजून राहणारा माणूस पाहुणा असतो का? ग्वातेमालातील केत्साल्तेनांगो या डोंगराळ शहरात परदेशी प्रौढ मंडळी स्पॅनिश शिकायला जातात. वर्गात एका शिक्षकापुढे एकच विद्यार्थी. राहणे-जेवण एखाद्या कुटुंबात. माझा चाळिशीतला भाचा महिनाभर असा राहिला. घरच्या बाई ताटावर बसल्या बसल्या त्याची क्रियापदे सुधारीत. पैसे खोलीचे नि जेवणाचे. या सुधारण्याचे कोणते? ते विकत मिळत नाही असे मला वाटते, म्हणून ऋण उरतेच.

पण प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. त्याच बाई आपल्या आईशी किचे बोलत. ही तिथली माया भाषा. ‘पोपोल वूह’ हा ग्रंथ तिच्यातला. स्पॅनिश आली १५२४ साली, पेद्रो दे अल्वारादोच्या फौजेबरोबर. २००३च्या कायद्याने माया भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटले खरे. (कायदा आणि कचेरीची खिडकी यांतले अंतर आपल्या भागात कोणाला सांगायला नको.)

म्हणजे पाहुणा हौसेने शिकतो ती भाषा यजमानिणीच्या पूर्वजांवर लादलेली. मग शिकूच नये? तसे नाही. बाईंनी ती आपलीशी केली, तिच्यावर घर चालवले. तिला परकी ठरवणारे आपण कोण? आमच्या शाळेतली मुले मराठीत रुसतात नि कन्नडात भांडतात, दोन्ही मनापासून. मात्र स्वयंपाकघरातली दुसरी भाषा कानावर पडूनही तिचे नावसुद्धा न विचारणे, हा मला उर्मटपणा वाटतो. भाच्याने विचारले. आजींनी त्याला आभाराचा शब्द शिकवला, ‘माल्त्योश’, आणि त्याच्या उच्चाराला पोटभर हसल्या.