सोडलेलं व्याज

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२

मंडळी, परवा जयगडहून तवसाळला जायला फेरीबोटीत बसलो होतो. शेजारी ओळखीचे एक आंबा बागायतदार. बोलता बोलता म्हणाले, "भाऊ, तुम्ही अजून पीककर्ज उचलत नाही? अहो, बिनव्याजी आहे! मला गरज नव्हती, तरी दोन लाख घेतले नि मुदत ठेवीत टाकले. सात टक्के धरा. वर्षाच्या आत ठेव मोडायची, कर्ज फेडायचं. तेरा-चौदा हजार कुठे गेले नाहीत. आणि कुणाचं काय गेलं?"

मी हसलो. पण खरं सांगतो, त्या हसण्यात थोडा हेवाही होता. घरी आलो आणि पहिलं काम काय केलं, तर कपाटातून सातबारा शोधून काढला. माझीही चार कलमं आहेत. पावसाआधी पडवीचं छप्पर करायचंय, त्याला बरोब्बर एवढेच पैसे कमी पडतायत. रात्री झोपेपर्यंत मनात आकडेमोड चालू होती.

सकाळी रोजच्याप्रमाणे गीता उघडली, तर क्रमाने आलेला श्लोक हा. यज्ञचक्राचा विषय चालला आहे. भगवंत इथे चोर कोणाला म्हणतात? घरफोडी करणाऱ्याला नाही. देवांकडून मिळालेलं स्वतःच भोगून जो चक्रात काही परत घालत नाही, त्याला म्हणतात. म्हणजे वस्तू रीतसर मिळाली असली, तरी माणूस चोर ठरू शकतो. हे वाचलं आणि सातबारा डोळ्यांसमोर आला.

बोटीतल्या गृहस्थांची बाजू आधी नीट मांडतो. ते लबाड नाहीत. सातबारा त्यांचा, सही त्यांची, मुद्दल ते मुदतीत फेडतात. कर्जमाफीची वाट बघत बसणाऱ्यातले नाहीत. मग "कुणाचं काय गेलं" याला उत्तर काय?

उत्तर असं, की बिनव्याजी कर्जाला व्याज नसतं असं नाही. ते दुसरा कोणीतरी भरत असतो. केंद्राच्या योजनेत पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडणाऱ्याला त्यात ३ टक्के सवलत मिळते. उरलेलं व्याज आपल्या राज्यात सरकार भरतं, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला वेळेवर फेडल्यास शून्य टक्के, ते असं. योजनेला नाव कोणाचं आहे बघा. पंजाबराव विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातले, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री. शेतकऱ्याने पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या दारात उभं राहू नये, म्हणून ही सवलत. सरकारचे पैसे म्हणजे तरी कोणाचे? काड्यापेटी विकत घेणारी म्हातारीसुद्धा कर भरते. ठेवीवरचे ते चौदा हजार आभाळातून पडत नाहीत.

इथे मला आमच्या बाबांची एक गोष्ट आठवली. ताईच्या लग्नाच्या वेळी मोहल्ल्यातल्या चाचांनी बाबांना वीस हजार रुपये दिले होते. कागद नाही, व्याज नाही. त्यांच्या धर्मात व्याज घेणं निषिद्ध, आणि गरजवंताला असं कर्ज देणं हे पुण्याचं काम. कर्जे-हसना म्हणतात त्याला. पण नवऱ्यामुलाचे आजोबा वारले आणि लग्न सहा महिने पुढे गेलं. मामा म्हणाला, "दाजी, तोवर बँकेत टाका. मानपानाचं तरी सुटेल." बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे पिशवीत घातले आणि चाचांना परत नेऊन दिले. मामाला एवढंच म्हणाले, "त्यांनी व्याज सोडलं ते अल्लाला भिऊन. ते मी बँकेकडून वसूल करू?"

सहा महिन्यांनी चाचा न मागता पैसे घेऊन आमच्या ओटीवर आले.

तेव्हा मला हा बाबांचा भाबडेपणा वाटला होता. आज वाटतं, सगळा शास्त्रार्थ त्या एका वाक्यात आहे. सोडलेलं व्याज हे दान असतं आणि प्रत्येक दानाला हेतू असतो. चाचांनी ते लग्नासाठी सोडलं होतं. लग्न नाही, तर त्या पैशाचं आमच्या घरात काम नाही.

मग सगळंच बिनव्याजी घेणं वाईट का? नाही. दुकानदार बिनव्याजी हप्त्याने मोबाईल देतो, क्रेडिट कार्डवाले महिना-दीड महिना व्याज लावत नाहीत. तो त्यांचा धंदा आहे. शंभरातले काही जण हप्ता चुकवणार, हे त्यांच्या हिशेबात धरलेलं असतं. तिथे तुम्ही वेळेवर पैसे भरून चार रुपये वाचवलेत, तर कोणाचा विश्वास मोडत नाही. आमच्याकडे वाशीचे दलाल मोहोर यायच्या आधी बागायतदाराला उचल देतात. पुष्कळदा तीही बिनव्याजीच! पण मग पेट्या त्याच दलालाकडे जाणार, आणि तो लावेल तो भाव. व्याज तिथे आंब्यातून वसूल होतं. हे सौदे आहेत, आणि सौद्याला सौद्याचे नियम. पण दया म्हणून, मदत म्हणून जिथे कोणी व्याज सोडलंय, तिथे त्याला सौदा समजणं ही चूक आहे.

एक प्रश्न मात्र अवघड आहे. समजा एखाद्याने मुलीच्या शिक्षणासाठी ठेव ठेवली आहे. ती न मोडता त्याने पीककर्ज घेतलं आणि खत, फवारणी, राखण्याची मजुरी त्यातून भागवली. ठेवीवर व्याज त्यालाही मिळतंच. मग तो आणि बोटीतले गृहस्थ यांत फरक काय? नोटांवर तर नाव लिहिलेलं नसतं!

मला असं वाटतं, फरक आहे. त्याचं कर्ज बागेत गेलं. तुडतुड्याने मोहोर जाळला किंवा अवकाळी पाऊस पडला, तर तीच ठेव मोडून तो कर्ज फेडेल. शेतकऱ्याच्या गाठीला चार पैसे राहावेत, हाही त्या सवलतीचा हेतूच आहे. तरी रेषा पुसट आहे हे मान्य करतो. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. ज्याने व्याज सोडलं त्याच्या समोर बसून, पैशाचं काय केलं ते मान वर करून सांगता येईल का? सांगता येत असेल तर निःसंकोच घ्यावं. ज्याची फवारणी अडली आहे, त्याने तर कमीपणा अजिबात वाटून घेऊ नये. ते त्याच्यासाठीच आहे.

तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते, त्यांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. त्यांनी तर येणं असलेलं मुद्दलसुद्धा सोडलं. एवढी आपली झेप नाही. पण दुसऱ्याने सोडलेल्यावर आपण नफा काढू नये, एवढं तर आपल्याला जमेल?

सातबारा परत कपाटात ठेवला. छप्पराचं अजून जमलेलं नाही. यंदा पडवीवर ताडपत्री घालावी लागेल असं दिसतंय. सौ. म्हणाली, "घाला, पण घट्ट बांधा."

देवा, तुझं दिलेलं आहे हे विसरू देऊ नकोस, आणि ते कशासाठी दिलंस हेही विसरू देऊ नकोस.

उद्या श्लोक १३.

॥ राम कृष्ण हरी ॥