हराळी

आमच्या घरी कॅन्सर येऊन दहा वर्षं उलटली. इस्लापूरच्या बाजारात माणसं भेटली की म्हणतात, "भाऊ, तुमी लई केलं वहिनीचं. दुसरा असता तर माहेरी धाडली असती." ऐकायला बरं वाटतं. पण घरी येईपर्यंत ते बोलणं चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहतं. मी बिमार पडलो असतो आन् तिनं माझं केलं असतं, तर कोणी तिला असं म्हटलं असतं का? बाईनं केलं तर तिचं कामच, गड्यानं केलं तर उपकार! हे काही मला पटत नाही.

२०१४ साली पेरणीच्या तोंडावर तिच्या छातीतली गाठ कळली. मला तेव्हा कळली. तिला चार महिन्यांपासून माहीत होती. बियाण्याचे पैसे दवाखान्यात जातील म्हणून ती गप्प राहिली. एकाच ताटाशेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही, याची लाज मला आजही आहे.

मग हिमायतनगरहून नंदीग्राम एक्स्प्रेस, आन् मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल. ऑपरेशन, दर एकवीस दिवसांनी केमो, पुढं शेक. उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. बाबा १९५६ ला गेले, मी त्यांना पाहिलं नाही. पण त्यांच्या नावानं माझ्या बायकोला मुंबईत पाठ टेकायला जागा मिळाली. तिथं शेजारच्या बाया कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, कोणी पुसलं नाही. केस गेलेल्या बाया एकमेकींच्या डोक्याला पदर बांधून देत होत्या.

लोक म्हणतात, रोगानं तुमाला शिकवलं, रोगाचे आभार माना. मी मानत नाही. गारपिटीचे आभार कोणी मानतं का? आभार माणसांचे. आम्ही मुंबईला असताना न सांगता माझं सोयाबीन काढून देणाऱ्या शेजाऱ्याचे. आन् तिचे, की ती अजून सकाळी उठून मला हाक मारते.

२०१९ ला दुखणं हाडात निघालं. डॉक्टर म्हणाले, आता मुळापासून जाणार नाही, पण गोळ्यांवर आटोक्यात ठेवू. मी खाली बघत बसलो. ती म्हणाली, "म्हंजे हराळीच म्हणा की." शेतकऱ्याला हराळी सांगावी लागत नाही. खणून काढली तरी कुठंतरी कांडी राहते. म्हणून कोणी शेत पडीक टाकत नाही. डवरा धरायचा, पीक घ्यायचं.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. एकदा परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. रातभर कण्हत होती. माझ्या मनात आलं, आता सुटली तर बरं. लगेच कळलं की मला तिचं नाही, माझं सुटणं पाहिजे होतं. त्या विचारानं मी महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. असं मनात येणारा माणूस इमानी कसा म्हणायचा?

शेवटी एका रात्री तिला सांगून टाकलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अवो, मला काय येत नाही का मनात, की मी गेले तर तुमी तरी मोकळे व्हाल? येतंय ते. सकाळी गोळी दिली का नाही तुमी?"

दिली होती. तेवढंच माझ्या हातात आहे, असं मी तेव्हापासून धरून चालतो. मनात काय उगवावं हे माणसाच्या हाती नाही. सकाळी उठून काय करायचं ते आहे.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज येते, म्हणून भाकरी आता मी थापतो. कडा फाटतात. ती चुलीपाशी बसून हसते आन् म्हणते, "किनवट तालुक्याचा नकाशा काढला जणू." मी तिला आधी वाढतो. जेवण झालं की गोळीचं पाकीट काढून किती राहिल्या ते बघतो.