विंचवाचं बिऱ्हाड बर्फात

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं आपण म्हणतो. पण त्या बिऱ्हाडात संडास कुठे असतो, हे कोणी सांगत नाही. आपल्या म्हणींचं हे असंच आहे. तत्त्वज्ञान उत्तम, व्यवहाराच्या नावाने शून्य! युरोपातले विंचू मात्र व्यवहारी. दर हिवाळ्यात तिथली हजारो कुटुंबं स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर असं सगळं बिऱ्हाड मोटारीवर चढवून आल्प्सच्या बर्फात स्कीइंगला निघतात. या वाहनाला मोटारहोम म्हणतात.

घर सोडवत नाही आणि घरात बसवत नाही, या मनुष्यस्वभावातून ही कल्पना निघाली. १९३१ साली जर्मनीतल्या आरिस्ट डेटलेफ्स या गृहस्थाने मोटारीमागे ओढायचं एक फिरतं घर बांधलं. त्यांच्या घरचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा. विक्रीसाठी सारखं गावोगाव हिंडावं लागे, आणि जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या चित्रकार मुलीला बरोबर यायचं होतं. बायकोपासून चार दिवस सुटका व्हावी म्हणून फिरती मागून घेणारे लोक मी बँकेत पाहिले आहेत. ती बरोबर असावी म्हणून घराला चाकं लावणारा माझ्या माहितीत हा एकच.

माझा भाचा स्टुटगार्टला असतो. त्याने भाड्याने घेतलेल्या अशाच एका घरातून आठ दिवस मी ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली स्कीची गावं पाहिली. पायाला स्की काही बांधली नाही. उभ्या उभ्या खाली घसरण्याचा अनुभव मला बढतीच्या यादीत पुरेसा आलेला आहे.

या घरात शिरल्याबरोबर मला आपल्या शाखेत आल्यासारखं वाटलं. कारण इथे प्रत्येक गोष्टीची दुहेरी नोंद होते. शंभर लिटरच्या टाकीत भराल तेवढंच पाणी जमेला. तेच वापरून झालं की सांडपाणी म्हणून दुसऱ्या खात्यावर. कडक थंडीत सांडपाण्याची टाकी गोठते, म्हणून तोटी उघडी ठेवून खाली बादली लावायची आणि ती सकाळी आपणच ओतून यायची. संडासाची पेटीही दर दोन दिवसांनी आपणच नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. मी अंगाला साबण लावला रे लावला की बाहेरून भाच्याचा आवाज यायचा, "मामा, टाकी पाव राहिली!" इतक्या तत्परतेने आमच्या ऑडिटरनेही मला कधी सावध केलेलं नाही.

गंमत अशी, की तिसऱ्या दिवसापासून मी दोन तांब्यांत आंघोळ करायला लागलो. कोणी उपदेश केला नव्हता. माझी बादली मला दिसत होती, एवढंच.

पण खिडकीबाहेर पाहिलं की हिशेब लागेना. पडणाऱ्या बर्फावर आता पुष्कळ स्की-गावांचं भागत नाही. डोंगरात तळी बांधून पाणी साठवायचं आणि थंडी पडली की मोठमोठ्या यंत्रांनी त्याचे फवारे हवेत उडवून बर्फ पाडायचा. झेरमॅटला तर पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना गावात मज्जाव. आम्हीही टेशला मोटारहोम ठेवून रेल्वेने वर गेलो. हवा स्वच्छ, समोर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. मन प्रसन्न झालं. मात्र टेशपर्यंत आम्ही डिझेल जाळतच आलो होतो.

२०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा सुमारे दहा टक्के बर्फ वितळून गेला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हिवाळ्यात पडतो तो बर्फ म्हणजे व्याज आणि हिमनदी म्हणजे मुद्दल. व्याजावर मजा करणाऱ्याला कोणी बोल लावत नाही. पण मुद्दलाला हात लागला की खातेदाराला बोलावून विचारावं लागतं, "काय काका, घरी सगळं ठीक ना?"

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आपण एकटे आलो नसतो म्हणून काय बर्फ वितळायचा थांबला असता?" उत्तर बिनतोड होतं. फक्त ते मी आधी ऐकलेलं होतं. बँक बुडणार अशी अफवा उठते तेव्हा रांगेतला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. माझ्या एकट्याच्या पाच हजारांनी बँक थोडीच बुडणार? त्याचंही बरोबर असतं. सगळ्यांचंच बरोबर असतं, आणि संध्याकाळी बँक बुडालेली असते.

मग जाऊच नये का? तसं मला म्हणवत नाही. ज्याने मॅटरहॉर्न डोळ्यांनी पाहिला, त्याने इतरांना घरी बसायला सांगणं शोभत नाही. पण घर आणि हॉटेल यांतला फरक मला त्या आठ दिवसांत नीट कळला. हॉटेलात आपण नळ सोडून दात घासतो, कारण ते पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पाहायला दुसरं कोणीतरी असतं. घरातली बादली मात्र आपल्यालाच उचलावी लागते. तेव्हा प्रश्न आपण कुठे जातो हा नसून, या पृथ्वीवर आपण घरच्यासारखे उतरलो आहोत की हॉटेलातल्यासारखे, हा आहे. माझी शंका अशी, की आपण सगळे हॉटेलातले पाहुणे आहोत, आणि बिल नातवंडांच्या नावावर लिहायला सांगितलं आहे. नातवंडांची सही मात्र अजून कोणी घेतलेली नाही. आमच्या शाखेत असं कर्ज पास होत नाही.