पायांत घोटाळणारे

कुत्रा माणसाला ओळखतो आणि मांजर घराला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. घर म्हणजे तरी काय? कोण किती वाजता उठतो, कोण कुठे बसतो, कोणाच्या हातात ताट असते आणि कोणाच्या चालीत राग असतो, याची बसलेली घडी. मांजर ती घडी पाठ करते. रमजानमध्ये बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या मोहल्ल्यात पाहावे. पहिल्या दोन-चार सहरींना भांडी वाजली की मांजर येते. आठवडा उलटला की भांडी वाजण्याआधीच ओट्यापाशी येऊन बसते. ईद झाली तरी काही दिवस त्या वेळेला स्वयंपाकघरात एक फेरी मारून जाते.

उजनीच्या पाण्यातली मासळी इंदापूरच्या बाजारात येते. तिथली मांजरेही अशीच शिकलेली असतात. कोण मासळीचे डोके टाकतो आणि कोण खडा मारतो, हे त्यांना माणूस वाकण्याच्या ढबीवरूनच कळते.

हे नुसते हौशी निरीक्षण नाही. जपानमधील अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की मांजर मालकाचा आवाज परक्या आवाजांतून वेगळा काढते. कान हलतात, मान वळते. मात्र ते उठून येतेच असे नाही. २०१५ साली इटलीत झालेल्या एका अभ्यासात अनोळखी, फडफडणाऱ्या वस्तूसमोर आलेली बहुतेक मांजरे आळीपाळीने वस्तूकडे आणि मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. भ्यावे की न भ्यावे, हे ती माणसाच्या तोंडावरून ठरवू पाहत होती.

इथे प्रश्न उभा राहतो. जो जीव आपल्याला इतक्या बारकाईने वाचतो, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

अबू कतादा या सहाबींची एक हकिकत हदीसच्या संग्रहांत आहे. त्यांच्या वजूच्या पाण्यात मांजराने तोंड घातले, तेव्हा त्यांनी भांडे तिच्यासाठी कलते धरले. सून नवलाने पाहू लागली. त्यावर त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा हवाला दिला, की मांजर नापाक नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. या ‘वावरणाऱ्यां’साठी आलेला अरबी शब्द आहे ‘तव्वाफीन’. काबागृहाभोवतीच्या ‘तवाफ’चे मूळ तेच. आणि हाच शब्द कुरआनच्या सूरह नूरमधील ५८व्या आयतीतही येतो. फज्रच्या नमाजपूर्वी, भर दुपारी आणि इशानंतर, अशा तीन खासगी वेळी परवानगी घेऊन आत यावे, असे तिथे ज्यांच्याविषयी सांगितले आहे, ते घरातले गुलाम आणि लहान मुले. एरवी ते तुमच्याभोवती वावरणारेच आहेत, असे आयत म्हणते.

म्हणजे मांजर, मूल आणि चाकर एका शब्दात बसले. हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो. तिघेही आपल्या पायांत घोटाळतात आणि आपल्याला उघडेवाघडे पाहतात. तिघांचे पोट आपल्या मर्जीवर चालते. म्हणूनच तिघांना आपल्याला वाचावे लागते. बाप दारात चप्पल कशी काढतो, यावरून पोराला संध्याकाळ कशी जाणार ते कळते. सासऱ्याच्या खाकरण्यावरून सुनेला कळते. वाचण्याचे हे ओझे नेहमी दुबळ्याच्या डोक्यावर असते. ज्याच्या हाती भाकरी आहे, त्याला समोरच्याचा चेहरा वाचण्याची गरज पडत नाही, आणि मग आपण सर्वांना समजून आहोत असा त्याचा समज होतो.

कर्माचे मोल नियतीवर ठरते, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा आधार घेऊन आपण स्वतःला सोडवूनही घेतो : बोललो जरा तोडून, पण मनात काही नव्हते. अल्लाहला मन दिसते हे खरे. मांजराला मात्र फक्त उचललेला पाय दिसतो. भोवती वावरणाऱ्यांच्या वाट्याला आपली नियत कधी येत नाही, वर्तनच येते. नियतीचा हिशेब वर होईल. वर्तनाचा हिशेब घरातच रोज होत असतो.

कोणी म्हणेल, मांजर स्वार्थी, खायला मिळते म्हणून घोटाळते. असेल. पण ती खोटी स्तुती करीत नाही. मार बसू लागला की घर सोडते. तिच्या येण्याला किंमत आहे ती या जाण्याच्या मोकळिकीमुळे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या बाईची गोष्ट आहे, जिला मांजरामुळे शिक्षा झाली. तिने मांजर कोंडले. खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडूकमिडूक खायला सोडलेही नाही. गुन्ह्याचे हे दोन भाग वेगळे पाहिले पाहिजेत. पोसता येत नसेल तर सोडून दे, एवढी वाट तिला मोकळी होती. त्या मांजरानेही बाईची पावले ओळखली असतील. पण दार बंद असेल तर ओळखून करायचे काय?

दर हिवाळ्यात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. बीडकडून आलेली ही माणसे मुकादमाचा चेहरा बिनचूक वाचतात. आज पैसे मागावेत की नाही, पोर आजारी आहे हे सांगावे की नाही, हे त्याच्या गाडीवरून उतरण्यावरून ठरते. पण उचल अंगावर असते. ती फिटेपर्यंत उठून जाता येत नाही. त्यांच्या शहाणपणाला दार नाही.

म्हणून आपल्याला किती जण ओळखून आहेत, यात भूषण मानण्यासारखे काही नाही. विचारायचे ते एवढेच : जे आपल्याला ओळखून आहेत, त्यांना आपल्यापासून दूर जाता येते काय? आणि जाता येत असूनही ते थांबतात काय? दाराची कडी काढून ठेवलेल्या घरात मांजर परत आली, तर त्या घरात काहीतरी बरे चालले आहे असे समजायला हरकत नाही.